पार्किंग ब्रेकचा पिवळा दिवा: सकाळी लागतो, दुपारी विझतो. कॅलिपर बदलायच्या आधी काय तपासू?

रंकाळ्याचा वारा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेले बारा दिवस एका दिव्यानं झोप उडवलीय, म्हणून धागा काढतोय.

गाडी पाच वर्षांची, पेट्रोल ऑटोमॅटिक, ५८ हजार किलोमीटर झालेत. हँडब्रेकचा दांडा नाही, गिअरशेजारी बटण आहे. वर ओढलं की ब्रेक लागतो, ब्रेकवर पाय ठेवून खाली दाबलं की सुटतो. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी गाडी चालू केली की मीटरमध्ये गोलातला ‘पी’ पिवळा होतो आणि खाली ‘पार्किंग ब्रेक तपासा’ असं येतं. दुपारी उघडीप मिळाली की दिवा आपोआप जातो. ब्रेक लागतो, सुटतो. पण दोनदा बटणावरचा बारका दिवा लुकलुकत राहिला आणि ब्रेक लागलाय की नाही तेच कळेना.

सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावला आणि थोड्या वेळात एस्टिमेट हातात: मागचे दोन्ही कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड आवळणारे भाग) मोटरसकट बदला, ४६ हजार. का बदलायचे, एवढंच विचारलं, तर म्हणाले, ‘सिस्टीम तसंच दाखवतीय.’

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे आणि रॅम्प चांगलाच खडा आहे. वडिलांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. ते वॉकर घेऊन हळूहळू उतरतात तेव्हा गाडी रॅम्पच्या तोंडाशी ब्रेकवर उभी असते. ब्रेकवर भरवसा नसेल तर मी त्यांना गाडीत बसवणार नाही. पैसे लागले तर घालीन, पण दुखणं नेमकं कुठं आहे ते कळू दे.


शिरोली नाका | सोमवार, रात्री १०.०५

बॅटरीची मायनस वायर दहा मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा. माझ्या भावाच्या गाडीचा असाच दिवा त्यानं गेला.


उद्यमनगर पाना | सोमवार, रात्री १०.५०

रंकाळेकर, ती वायर आत्ता काढू नका. शिरोलीकर, राग मानू नका. दिवा जाईल हो, पण काही गाड्यांत त्याच्याबरोबर साठलेली माहितीही जाते. कोणता दोष, किती वेळा आला, हे सगळं ब्रेकच्या मॉड्युलमध्ये, म्हणजे ब्रेक सांभाळणाऱ्या बारक्या कॉम्प्युटरमध्ये, लिहिलेलं असतंय. पेशंटचा केसपेपर फाडून ताप बरा होत नाही.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं केली, आता मुलगा बघतोय. ही बटणाची ब्रेक म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. गाड्यांत ही चीज २००१ च्या सुमारास आली, बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमधून. पहिल्या प्रकारात एकच मोटर मधे बसते आणि जुन्या हँडब्रेकसारख्या केबली ओढते. आता बहुतेक गाड्यांत दुसरा प्रकार आहे, मागच्या प्रत्येक चाकाच्या कॅलिपरवर एकेक बारकी मोटर. बटण ओढलं की मोटर गिअरमधून आतला स्क्रू फिरवते, स्क्रू पिस्टन पुढं रेटतो, पॅड डिस्कला आवळतात. पुरेसं आवळलं हे कळतं कसं? मोटरला भार पडला की करंट चढतो. ठरलेल्या आकड्यावर करंट पोचला की मॉड्युल मोटर बंद करतंय. स्क्रू आपणहून उलटा फिरत नाही, म्हणून नंतर वीज नसली तरी ब्रेक लागलेलाच राहतो.

आता इथं लक्ष द्या. मॉड्युलला डोळे नाहीत. त्याला फक्त व्होल्टेज आणि करंट दिसतोय. बॅटरी खचलेली असली, वायरीत गंज असला, कपलर (वायरी जोडणारा प्लग) ढिला असला, मोटर जळाली असली, त्याला बऱ्याचदा सगळं सारखंच दिसतंय: ‘मी मागितला तेवढा करंट गेला नाही.’ मग ते पिवळा दिवा लावून मोकळं होतं. त्या दिव्यावरून थेट कॅलिपर बदलणं म्हणजे बल्ब लागत नाही म्हणून घराची भिंत पाडणं.

मला एवढं सांगा.
दिवा फक्त पिवळाच आहे ना? चालत्या गाडीत उद्गारचिन्हवाला लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबवायची. तो ब्रेक ऑइल कमी झाल्याचा असू शकतो आणि त्यात पायाचा ब्रेकच धोक्यात असतो.
सोबत एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) किंवा चढावर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा दिवा लागतो का? तिन्ही एकदम लागत असले तर चाकाच्या स्पीड सेन्सरकडं आधी बघायचं.
बॅटरी किती वर्षांची?
मागची कुठलीही कामं अलीकडं झालीत का?

आणि तोवर रॅम्पवर गाडी ‘पी’ मध्ये टाका, चाकाला दगड लावा, मगच वडिलांना उतरवा. ‘पी’ मध्ये गिअरबॉक्सचा एक छोटा खिळा दात्यात अडकतो. उभ्या उतारावर सगळा भार त्या एकट्यावर रोज टाकायचा नसतोय.


कागलची लेक | मंगळवार, सकाळी ७.१५

पाना काकांनी विचारलेल्यात एक भर घालते. मागचे ब्रेकलाइट लागतात का बघा. गाडीची मागची बाजू भिंतीकडं करून उभी करा आणि पेडल दाबा, भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात दिसतं.

माझ्या गाडीत ब्रेक सुटतच नव्हता. पंचतारांकित एमआयडीसीत सकाळच्या शिफ्टला जायचं आणि गाडी जागची हलेना. शेवटी निघालं काय, तर पेडलच्या वर असतो तो ब्रेकलाइटचा स्विच. पाय ब्रेकवर आहे हेच गाडीला कळत नव्हतं, मग ती ब्रेक कशाला सोडेल? पार्टची किंमत हजाराच्या आत. त्याआधी तीन जणांनी मोटर गेली म्हणून सांगितलं होतं. खूप चिडले होते मी तेव्हा, म्हणून लिहितेय.

आणखी एक. चहा, उसाचा रस, काहीही त्या बटणावर सांडलं असेल तर सांगा. बटणाच्या आत एक नाही, बरेच संपर्क असतात, एकमेकांना पडताळणारे. एक चिकट झाला की उत्तरं जुळत नाहीत आणि दिवा लागतो.


रंकाळ्याचा वारा | मंगळवार, रात्री ८.३०

खूप आभार. उत्तरं देतो.

दिवा फक्त पिवळा. एबीएसचा नाही. ब्रेकलाइट तिन्ही लागतात. बटणावर काही सांडलेलं नाही. ब्रेक ऑइल दोन खुणांच्या मधे आहे. बॅटरी गाडीसोबत आलेली, म्हणजे पाच वर्षांची. फेब्रुवारीत मागचे ब्रेक पॅड एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते, त्यानंतर काही नाही.

ऑफिसातल्या मित्राचं मल्टिमीटर आणून आज मोजलं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी ११.९ व्होल्ट. स्टार्टर फिरताना खाली ९.१ पर्यंत गेलं. गाडी चालू असताना १४.२.


उद्यमनगर पाना | मंगळवार, रात्री ९.१०

बरं केलंत मोजून. चांगली भरलेली बॅटरी आरामात असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. चालू गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक आहे, १४.२ येतंय. पण स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाणारी बॅटरी म्हातारी समजायची. गाडी चालू होताना प्रत्येक मॉड्युल स्वतःला तपासून घेतं, आणि त्याच क्षणाला व्होल्टेज तळाला असतंय. सकाळी दिवा, दुपारी नाही, याचं एक कारण इथं मिळालं.

बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, करून घ्या. नापास झाली तर बदला. बदलताना टर्मिनल घासून घ्या आणि मायनस वायर बॉडीला जिथं बोल्टनं आवळलीय तो बोल्टही बघा. तिथं रंगाखाली गंज धरतो.

पण फेब्रुवारीत पॅड बदललेत, हे माझ्या डोक्यातून जात नाही. ते धरून ठेवा.


घाटवाट | मंगळवार, रात्री ११.२०

मधेच विचारतो, माफ करा. पन्हाळ्याहून उतरून पायथ्याला गाडी लावली की पाच-दहा मिनिटांनी मागनं पुन्हा ‘झुंईई’ असा आवाज येतो. गाडीत कोणी नसताना. हा बिघाड आहे का? दिवा काही लागत नाही.


उद्यमनगर पाना | बुधवार, सकाळी ६.४०

नाही, ती गाडी शहाणी आहे. घाट उतरून डिस्क तापलेल्या असतात. तशात ब्रेक लावला की नंतर लोखंड निवतं, आकसतं आणि आवळ थोडी ढिली होते. म्हणून मॉड्युल थोड्या वेळानं मोटर परत फिरवून घट्ट करून घेतं.


रंकाळ्याचा वारा | शनिवार, सायंकाळी ६.००

बॅटरी लोड टेस्टमध्ये नापास झाली. बुधवारी नवीन घातली. सकाळचं रीडिंग आता १२.६. चार दिवस झाले, दिवा एकदाही नाही. ४६ हजारांचं काम सहा हजारांत झालं. सगळ्यांचे मनापासून आभार!


शिरोली नाका | शनिवार, सायंकाळी ६.२५

लई भारी. धागा बंद करा आता.


उद्यमनगर पाना | शनिवार, रात्री ८.००

अजून नको. चार दिवस पाऊस कुठं पडलाय?


रंकाळ्याचा वारा | सोमवार, रात्री १०.१५

काका, तुमचं खरं झालं.

काल गगनबावड्याला गेलो होतो. साळवण सोडल्यापासून जो पाऊस लागला तो परत येईपर्यंत. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी. परतताना चहाला थांबलो, बटण ओढलं, एका बाजूनं आवाज आला, दुसऱ्या बाजूनं काहीच नाही. पिवळा दिवा आणि बटणावरचा दिवा लुकलुकत. पोटात गोळाच आला. गाडी सपाटीवर होती, ‘पी’ मध्ये टाकून दगड लावला. कोल्हापुरात पोचेपर्यंत दिवा तसाच होता. आज दुपारी उन्हात उभी केल्यावर गेला.

बॅटरी सकाळी १२.६ च होती. म्हणजे आता बॅटरीला बोल लावता येणार नाही.


कागलची लेक | सोमवार, रात्री १०.४०

कोणत्या बाजूनं आवाज आला नाही, ते लक्षात आहे का? हे फार महत्त्वाचं आहे.


रंकाळ्याचा वारा | सोमवार, रात्री १०.४४

डाव्या. मुलगा डावीकडं मागच्या सीटवर होता, तो म्हणाला, ‘बाबा, माझ्याकडं वाजलं नाही.’


उद्यमनगर पाना | सोमवार, रात्री ११.३०

मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. अर्धं निदान त्यानं केलं.

आता स्कॅनरचं. दोन-दोन हजारांत ब्लूटूथवाले मिळतात त्यातले बरेचसे फक्त इंजिनचे कोड वाचतात, म्हणजे इंग्रजी ‘पी’ अक्षरानं सुरू होणारे. ब्रेकचे कोड ‘सी’ नं सुरू होतात आणि मॉड्युलांचं आपसातलं बोलणं तुटलं की ‘यू’ नं. ते वाचायला एबीएस आणि पार्किंग ब्रेकच्या मॉड्युलपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतोय. सर्व्हिस सेंटरला जा आणि नम्रपणे सांगा, ‘त्या दिवशी काढलेल्या कोडची प्रिंट द्या.’ ती तुमची आहे, तुमच्या गाडीची आहे. प्रिंटमध्ये दोन गोष्टी बघायच्या: कोड एका बाजूचा आहे की दोन्ही, आणि आत्ताचा आहे की जुना साठलेला.

दोन्ही मोटरी एकाच पंधरवड्यात मरणं मी फार क्वचित बघितलंय.


गुऱ्हाळघर | मंगळवार, पहाटे ५.३०

आमच्याकडं उसाच्या फडाशेजारी शेडमध्ये गाडी असते. गेल्या हंगामात यू०१२८ आला होता, म्हणजे पार्किंग ब्रेकच्या मॉड्युलशी संपर्कच तुटला. मॉड्युल बदला म्हणाले. उचलून बघितलं तर मागच्या सीटखालची वायरिंग उंदरानं कुरतडलेली. तीन वायरी जोडल्या, काम झालं. ऊस तुटला की उंदरं घराकडं येतात, तेव्हा आता महिन्याला बॉनेट आणि मागची बाजू उघडून बघतो.


रंकाळ्याचा वारा | मंगळवार, रात्री ७.५०

प्रिंट मिळाली. आधी कुरकुरले, मग दिली. दोन कोड आहेत. एक व्होल्टेज कमी असल्याचा, जुना साठलेला. दुसरा मागच्या डाव्या मोटरच्या सर्किटचा, ‘सर्किट उघडं’ (म्हणजे विजेची वाट मधेच तुटलेली) असं लिहिलंय, तोही साठलेला आणि ‘अधूनमधून’ असा शेरा. उजव्या बाजूचा एकही कोड नाही! मग उजवा कॅलिपर कशाला बदलायचा होता? विचारलं, तर म्हणाले, जोडीनं बदलायची पद्धत आहे.


उद्यमनगर पाना | मंगळवार, रात्री ९.२०

पॅड आणि डिस्क जोडीनं बदलतात, ते बरोबर. दोन्ही बाजूंची झीज सारखी राहावी लागते. मोटरला तो नियम नाही.

सर्किट उघडं, अधूनमधून, पावसात, एकाच बाजूला, आणि फेब्रुवारीत त्याच चाकाशी हात लागलेला. माझा संशय मोटरच्या कपलरवर आहे. चाक काढून बघायचं. पण करायच्या आधी हे वाचा, यात माणसांची बोटं गेलीत.

गाडी सपाटीवर, ‘पी’ मध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड. ब्रेक सोडलेला. नुसत्या जॅकवर काम नाही, खाली स्टँड पाहिजेच. चावी खिशात, बटणाला कोणी हात लावायचा नाही, आत पोर बसलेलं नको. पॅड काढायचे असतील तर आधी मागचे ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे मोटरनं स्क्रू पूर्ण मागं घेतलेल्या स्थितीत, घालावे लागतात. काही गाड्यांत ते पेडल आणि बटणाच्या ठरलेल्या क्रमानं होतं, काहींत स्कॅनरनंच. तसं न करता जुन्या सवयीनं पिस्टन शिकंजा लावून मागं दाबला की आतला स्क्रू किंवा गिअर मोडतो, आणि मग खरंच कॅलिपर बदलायची वेळ येते. तुम्हाला फक्त कपलर बघायचाय, पॅडला हात लावू नका.

कपलर काढून मोटरच्या दोन पिनांत ओहम मोजा, मग उजवीकडचं मोजा. दोन्ही जवळपास सारखे यायला पाहिजेत. मग मीटर लावलेलं असतानाच डावी वायर हळूहळू वाकवा, हलवा. आकडा उडतोय का बघा.

आणि स्वतः करायचं धाडस नसेल तर कुठल्याही चांगल्या वायरमनकडं न्या. फक्त त्याच्याशेजारी उभं राहा.


रंकाळ्याचा वारा | रविवार, दुपारी ३.१०

सापडलं. जरा सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः बघितलंय आणि अजून त्याच तारेत आहे.

उद्यमनगरातल्याच एका वायरमनकडं सकाळी नेली. त्यांनी आधी दोन्ही बाजूंना कान लावून चार वेळा बटण ओढायला लावलं. चारही वेळा दोन्हीकडं आवाज आला. मला वाटलं, झालं, आता बिघाड दाखवणारच नाही. त्यांनी काही न बोलता पाण्याचा पाइप घेतला आणि डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला पाच मिनिटं पाणी मारलं. मग म्हणाले, ‘ओढा.’ उजवीकडं झुंईई, डावीकडं शांतता. मीटरमध्ये पिवळा दिवा. पंधरा दिवस मी ज्याच्या मागं होतो ते त्या माणसानं पाइपनं पाच मिनिटांत उभं केलं.

चाक काढलं. मोटर म्हणजे कॅलिपरच्या पाठीला चिकटलेली काळ्या प्लॅस्टिकची डबी, मुठीएवढी. तिच्यातून दोन वायरींचा कपलर. वरून चिखल होता, पण तुटकं-फुटकं काही नाही. त्यांनी तोंडावरची कुलपी दाबून कपलर ओढला, आणि आतून आधी पाण्याचे दोन थेंब पडले. मग उजेडात धरला. दोन पिनांतली एक पितळी, चकचकीत. दुसरीवर हिरवट पांढरी पूड, डाळीच्या दाण्याएवढी, आणि तिचं तोंड थोडं फाकलेलं. त्यांनी दाभणानं टोचलं तर पूड झडली आणि खाली तांब्याला खड्डा पडलेला दिसला.

मग त्यांनी उजवीकडचा कपलर काढून दाखवला. त्याच्या आत गळ्याशी एक पातळ रबरी कडं आहे, नारिंगी रंगाचं, तीन वळ्यांचं. पाणी आत जाऊ न देणारं तेच. डाव्या कपलरमध्ये ते कडं नव्हतंच! आजूबाजूला बघितलं, कुठं अडकलं-बिडकलंय का, पण नाही. फेब्रुवारीत पॅड बदलताना कपलर काढला असणार, कडं मोटरच्या तोंडाला चिकटून राहिलं असणार आणि पुसताना निघून गेलं असणार. मी कोणाचं नाव घेणार नाही. कडं हाताला लागत नाही एवढं बारकं, कुणाच्याही हातनं पडेल. पण पडलंय हे बघायला हवं होतं.

ओहम मोजले. दोन्ही मोटरी सव्वा-दीडच्या आसपास, म्हणजे डावी मोटर धडधाकट. वायर हलवल्यावर कपलरच्या बाजूनं आकडा उडायचा, मधेच काहीच दाखवायचा नाही. कोरडं असताना पूड कशीबशी करंट जाऊ द्यायची, ओलं झालं की बंद. त्यातून बॅटरी खचलेली, म्हणून सकाळी हमखास. बॅटरी बदलल्यावर चार दिवस गेले ते नव्या बॅटरीच्या जोरावर आणि कोरड्या हवेवर.


गुऱ्हाळघर | रविवार, दुपारी ३.४०

पाइपनं पाणी मारून बिघाड उभा केला! असल्या माणसाचे पाय धरावेत.


घाटवाट | रविवार, सायंकाळी ५.०५

मग जोडलं कसं? साफ करून परत लावलं की कपलर नवा? माझ्याकडं गंज सोडवायचा स्प्रे आहे, तो चालतो का?


रंकाळ्याचा वारा | रविवार, रात्री ८.२०

साफ करून लावतील असं मलाही वाटलं होतं. पण खड्डा पडलेली पिन त्यांनी ठेवली नाही. कपलर नवा आणला, मागं बोटभर वायर कापली, कारण तांबं आतपर्यंत काळं पडलं होतं, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेले. पिना चिमट्यानं दाबून बसवल्या. डाग (सोल्डर) का देत नाही विचारलं, तर म्हणाले, चाकाजवळ सतत हादरे असतात, डाग जिथं संपतो तिथं वायर कडक होते आणि तिथंच तुटते. नवं रबरी कडं, आत सिलिकॉन ग्रीसचा हलका हात, आणि वायरीला कपलरच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळलं तर कपलरमध्ये न शिरता झोळावरून खाली पडेल. एकूण खर्च १,४५०, त्यात स्कॅनर लावून कोड पुसणं आणि ब्रेक दोन-तीनदा लावून-सोडून जुळवून घेणं आलं.


उद्यमनगर पाना | रविवार, रात्री ९.००

वायरमननं शंभर टक्के बरोबर केलंय. घाटवाट, तो स्प्रे बोल्ट सोडवायचा, कपलरला नाही. कपलरला कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, मारल्यावर उडून जाणारा. आणि ग्रीस सिलिकॉनचं, बेअरिंगचं नव्हे.

अजून एक काम सांगतो. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललंय? पाच वर्षं तेच असलं तर बदला. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना कमीत कमी २३० अंशांना उकळतं, ओलावा मुरला की १५५ पर्यंत उतरू शकतं. करूळ, भुईबावडा घाट उतरताना पेडल मऊ लागायला लागलं की त्याचं एक कारण हे. दर दोन वर्षांनी बदलायचं.


शिरोली नाका | रविवार, रात्री १०.३०

पाना काका, मी आधी घाईनं वायर काढा म्हणालो होतो, त्याबद्दल माफी. एक खरोखरची अडचण विचारतो. २०२१ च्या महापुरात महामार्ग आमच्याकडं पाण्याखाली होता. तेव्हा पाण्यात उभी राहिलेली एक गाडी आता मला स्वस्तात मिळतीय, बटणाची ब्रेक असलेली. मालकानं पुराचं स्वतःहून सांगितलंय, माणूस खरा आहे. काय बघू?


उद्यमनगर पाना | सोमवार, सकाळी ६.५०

माफी कसली, तुम्ही सांगितलंत ते बरेच जण करतात.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा आपल्याकडं गाड्या वर न्यायची धावपळ होते. राहिलेल्या गाड्यांच्या चाकापर्यंत पाणी आलं तरी मागच्या मोटरी पूर्ण बुडतात, कारण त्या गाडीतल्या सगळ्यात खालच्या वायरींपैकी आहेत. मालकाला विचारा, पाणी सीटपर्यंत होतं का. सीटपर्यंत असलं तर सीटखालचे आणि गालिच्याखालचे कपलर, मॉड्युल, सगळं बघावं लागणार. मी तरी ती घेणार नाही. नुसतं चाकापर्यंत असलं तर दोन्ही मागचे कपलर उघडून बघा, आवाज दोन्हीकडनं सारखा येतो का ऐका, गाडीला स्कॅनर लावून सगळ्या मॉड्युलचे कोड काढा, आणि कोड पुसून दोन दिवस चालवून परत काढा. विकायच्या दिवशी सकाळी कोड पुसलेले असतील तर पहिल्या स्कॅनला गाडी निर्मळच दिसणार.


कागलची लेक | सोमवार, दुपारी १.१५

बॅटरी पूर्ण उतरली आणि ब्रेक लागलेलाच राहिला तर काय करायचं, हेही इथं असू दे. गाडी ओढायला जाऊ नये, मागची चाकं फरफटतात. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून वीज द्यायची आणि नेहमीसारखा ब्रेक सोडायचा. तेही जमलं नाही तर सपाट ट्रकवर चढवून न्यायची. मला त्या स्विचच्या वेळी टोचन करून न्यायला निघाले होते, मी आडवी उभी राहिले म्हणून टायर वाचले.

आणि चालत्या गाडीत पायाचा ब्रेक कधी लागलाच नाही, तर बऱ्याच गाड्यांत हेच बटण ओढून धरून ठेवलं की गाडी स्वतः आवरत थांबते. सोडलं की थांबणं बंद. आपल्या गाडीच्या पुस्तकात ते पान शोधून वाचून ठेवा, गरज पडेल तेव्हा वाचायला वेळ नसतो.


रंकाळ्याचा वारा | तेवीस दिवसांनी, रविवार, रात्री ९.२५

धागा वर आणतोय, सांगायचं राहून जाऊ नये म्हणून.

तेवीस दिवसांत तीनदा सलग पाऊस झाला, एकदा गगनबावडा परत झालं. दिवा नाही. ब्रेक ऑइलही बदललं, जुनं निघालं ते चहाच्या रंगाचं होतं.

आज जोतिबाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर उतरताना एका चढावर रस्ता मोकळा मिळाला, तिथं गाडी उलटी वळवून वर तोंड करून उभी केली. बायको आणि मुलगा खाली उतरून बाजूला. पायाचा ब्रेक दाबून धरला, बटण ओढलं, मीटरमध्ये लाल ‘पी’ आला. गिअर न्यूट्रलला टाकला आणि पाय हळूहळू उचलला. गाडी बोटभर मागं बसली आणि थांबली. मनातल्या मनात साठ आकडे मोजले. मुलगा डाव्या मागच्या चाकाजवळ, पण दोन हात लांब उभा होता, तिथूनच ओरडला, ‘बाबा, वाजलं!’

उद्या सकाळी साडेनऊला वडिलांची फिजिओथेरपी आहे. रॅम्पच्या तोंडाशी दगड ठेवलेला आहे, तो काही मी काढणार नाही.


उद्यमनगर पाना | रविवार, रात्री ९.५०

दगड राहू दे. आणि पुढच्या वेळी पॅड बदलाल तेव्हा दोन्ही नारिंगी कडी स्वतः मोजून घ्या.